गुरुजींची परीक्षा आणि साठ दिवसांचा अभ्यास

वसंत ऋतूतील ज्ञानसत्र म्हणजे परीक्षा संपल्यानंतरचे दिवस. मुलांची दप्तरे खुंटीला लागलेली असतात, दुपारी पोरे आंब्याखाली किंवा ओट्यावर असतात, आणि संध्याकाळी त्यांचे पालक व्याख्यानाला येऊन बसतात. अशा वेळी अभ्यासाचा विषय काढणे हे थोडे अरसिकपणाचे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु सध्या एक चमत्कारिक गोष्ट घडते आहे. मुलांनी मिटलेली पुस्तके त्यांच्या शिक्षकांनी उघडली आहेत. ज्या बाईंनी आपल्या मुलाला पहिलीत अक्षर गिरवायला शिकवले, त्या पहाटे उठून लसावि आणि मसावि करीत आहेत. ज्या गुरुजींचे केस पाठीमागच्या फळ्याच्या खडूने पांढरे झाले असे आपण गमतीने म्हणतो, ते इंग्रजीचा उतारा वाचून चार पर्यायांतून एक निवडीत आहेत. हे असे का झाले, आणि थोड्या दिवसांत ही परीक्षा कशी देता येईल, या दोन प्रश्नांचा विचार मी आज करणार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ शिक्षकांच्या उपयोगाचे आहे असे मात्र समजू नका. ज्याच्या घरी कोणीतरी परीक्षेला बसते, त्या प्रत्येकाच्या ते उपयोगाचे आहे.

प्रथम परीक्षेचे मूळ पाहू. एके काळी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, उतरलेला मुलगा शाळामास्तर होई. पुढे दोन वर्षांचे अध्यापक विद्यालय आले आणि डी.एड. झालेला मनुष्य शिक्षक म्हणून पुरेसा मानला जाऊ लागला. १ एप्रिल २०१० रोजी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा अंमलात आला. शिक्षकाची किमान पात्रता काय असावी, हे ठरविण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे आले, आणि तिने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक केली. हीच आपल्या बोलण्यातली 'टीईटी'. महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली परीक्षा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली.

बरीच वर्षे ही परीक्षा नव्याने नोकरी शोधणाऱ्या तरुणांची आहे, असाच सर्वांचा समज होता. जे कायद्याच्या आधीपासून शिकवीत होते, ते तिच्याकडे गावाबाहेरून जाणाऱ्या गाडीकडे पाहावे तसे पाहात होते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ती गाडी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, अशा जुन्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, न झाल्यास त्यांना सेवा सोडावी लागेल, असे त्या निकालात सांगितले गेले. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली त्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण परीक्षेवाचून बढती मिळणार नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. निकालानंतर महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२५ रोजी परीक्षा झाली. म्हणजे निकाल ऐकल्यापासून परीक्षेच्या बाकावर बसेपर्यंत तीन महिनेही मिळाले नाहीत.

आता ही परीक्षा असते कशी ते पाहू. कारण भीती ही बहुधा न पाहिलेल्या वस्तूची असते. प्रश्नपत्रिका दोन आहेत. पहिली ते पाचवीला शिकविणाऱ्यांसाठी पहिली, सहावी ते आठवीला शिकविणाऱ्यांसाठी दुसरी. प्रत्येकीत १५० प्रश्न, १५० गुण आणि १५० मिनिटे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पहिल्या पत्रिकेत पाच विभाग : बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० प्रश्न. दुसऱ्या पत्रिकेत बालमानसशास्त्र आणि दोन भाषा तशाच, आणि उरलेले ६० प्रश्न गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. हा वर चढण्याच्या शर्यतीचा प्रकार नाही. पहिला येणाऱ्याला काही अधिक मिळत नाही आणि दुसऱ्याला मागे टाकून कोणी उत्तीर्ण होत नाही. उंबरठा ओलांडायचा आहे, एवढेच. आणि एकदा ओलांडला की पुरे. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची होती, ती २०२१ साली आजन्म करण्यात आली.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, ही दुसरी ध्यानात धरण्याची गोष्ट. समजा एका उमेदवाराने ८४ उत्तरे बरोबर लिहिली आणि २४ प्रश्न येत नाहीत म्हणून कोरे ठेवले. तो नापास झाला. त्याच २४ प्रश्नांना त्याने काही ना काही खूण केली असती, तर चारांत एक या हिशेबाने सरासरी सहा बरोबर आले असते आणि तो ९० वर पोहोचला असता. हा लबाडीचा मार्ग नाही, परीक्षेचाच नियम आहे. आयुष्यभर मुलांना "येत नसेल तर उगाच लिहू नकोस" असे सांगितलेल्या शिक्षकालाच हा नियम पाळणे अवघड जाते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आता एक बाई डोळ्यांपुढे आणा. वय ४७. जिल्हा परिषदेच्या शाळेत २३ वर्षे पहिली ते चौथीचे वर्ग शिकवीत आहेत. परीक्षेला साठ दिवस उरले आहेत. बाजारातून चारशे पानांचे मार्गदर्शक पुस्तक आणले आहे आणि पहिल्या पानापासून त्या वाचू लागल्या आहेत. तिसऱ्या दिवशी पियाजेपाशी झोप येते, दहाव्या दिवशी पहिले पान आठवत नाही, आणि "आता या वयात नाही व्हायचं माझ्याच्याने" असे त्या यजमानांना सांगतात. चूक वयाची नाही, सुरुवातीची आहे.

सुरुवात पुस्तकाने करू नये. जुन्या प्रश्नपत्रिकेने करावी. एखाद्या रविवारी घरच्यांना सांगून अडीच तास दार लावून घ्यावे आणि काहीही न वाचता संपूर्ण पत्रिका सोडवावी. मग उत्तरे तपासून विभागवार गुण मांडावेत. आपल्या बाईंना समजा असे मिळाले : बालमानसशास्त्र १६, मराठी २३, इंग्रजी १२, गणित १४, परिसर १७. एकूण ८२. पाहा, ज्या परीक्षेच्या नावाने झोप उडाली होती, तीत त्या काहीएक न वाचता उंबरठ्यापासून आठ पावलांवर आहेत! तेवीस वर्षे वर्गात घालविलेली माणसे रिकाम्या हाताने येत नसतात. आता लक्ष्य ९० चे ठेवू नये. परीक्षेच्या दिवशी डोके दुखेल, पत्रिका थोडी कठीण निघेल, म्हणून १०० चे ठेवावे. म्हणजे १८ गुण हवेत. ते कोठून मिळतील? बालमानसशास्त्रात सहा, गणितात सहा, इंग्रजीत पाच आणि परिसरात एक. मराठीत मिळविण्यासारखे थोडेच उरले आहे, म्हणून तेथे श्रम नकोत. आवडीचा विषय वाचीत बसणे हा अभ्यासातला सर्वांत गोड आळस आहे.

यानंतर वेळेचा हिशेब. पहाटे दीड तास आणि रात्री अर्धा तास, असे रोजचे दोन तास धरू. साठ दिवसांचे १२० तास झाले. पण घरात पाहुणे येतील, शाळेत निवडणुकीचे किंवा सर्वेक्षणाचे काम निघेल, ताप येईल. एक चतुर्थांश वेळ बुडीत खाती टाकावा. उरले ९० तास. त्यांतले २५ बालमानसशास्त्राला, २५ गणिताला, २० इंग्रजीला, १० परिसराला, आणि उरलेले १० तास चार संपूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविण्याला. असे अंदाजपत्रक कागदावर आले की मनातला गोंधळ निम्म्याने कमी होतो. ज्या वेळापत्रकात बुडीत खाते नसते, ते आठ दिवसांत मोडते आणि त्याबरोबर मनुष्यही मोडतो.

आता अभ्यास करायचा तो कसा? आपण बहुतेक जण अभ्यास म्हणजे वाचणे, आणि अधिक अभ्यास म्हणजे पुन्हा वाचणे असे समजतो. हे समजणे चुकीचे आहे, असे मानसशास्त्र सांगते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून विसरण्याचे मोजमाप केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच भराभर गळते आणि पुढे गळती मंद होते. मध्ये दिवस सोडून उजळणी केली तर एका बैठकीत रेटून केलेल्या घोकंपट्टीपेक्षा ती स्वस्त पडते, असे त्याला दिसले. पुढे २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने येते असे वाटते, आणि पुस्तक मिटून आठवल्याने खरोखर येते, असा याचा अर्थ.

म्हणून आपल्या बाईंनी असे करावे. एक दोन पाने वाचावीत, पुस्तक मिटावे, आणि वहीत आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरावे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी फक्त ती लाल अक्षरे पुन्हा आठवून पाहावीत. दुसरी एक वही चुकांची ठेवावी. चुका तीन जातींच्या असतात. काही वेळा उत्तर माहीतच नसते. तेथे अभ्यास हवा. काही वेळा प्रश्नच चुकीचा वाचलेला असतो, "पुढीलपैकी कोणते विधान योग्य नाही" यातला 'नाही' डोळ्यांतून निसटलेला असतो. तेथे अभ्यास नको, बोट ठेवून वाचण्याची सवय हवी. आणि काही वेळा येत असूनही घाईने घसरलेले असते; तेथे घड्याळाचा सराव हवा. या तिन्हींना एकच औषध, म्हणजे "आणखी वाचन", देऊन चालत नाही.

बालमानसशास्त्राची भीती सर्वांत अधिक आणि सर्वांत अनाठायी. पियाजे, वायगॉट्स्की ही नावे परकी आहेत. त्यांनी पाहिलेली मुले परकी नाहीत. सारख्या दोन पेल्यांत सारखे पाणी घ्या. एकातले पाणी उंच अरुंद पेल्यात ओता आणि पाच वर्षांच्या मुलाला विचारा, जास्त कशात? तो उंच पेल्याकडे बोट दाखवील. सातआठ वर्षांचा मुलगा हसून म्हणेल, "तेवढंच आहे की!" या दोन मुलांमधल्या अंतराला पियाजेने पूर्वक्रियात्मक आणि मूर्त क्रियात्मक अवस्था अशी नावे दिली. पहिलीच्या बाईंनी ही दोन्ही मुले शेकडो वेळा पाहिलेली आहेत. तसेच वायगॉट्स्कीचे. मुलाला एकट्याला जे जमत नाही, पण जरा बोट धरले की जमते, त्या पट्ट्यात शिकवावे, असे त्याचे सांगणे. बाई रोज तेच करतात. त्याला निकट विकासाचे क्षेत्र म्हणतात एवढे त्यांना माहीत नसते. या विषयाचा अभ्यास म्हणजे, ओळखीच्या मुलाचे परीक्षेतले नाव शिकणे. प्रत्येक सिद्धांतासमोर आपल्या वर्गातल्या एका मुलाचे नाव वहीत लिहून ठेवावे. सिद्धांत विसरणार नाही.

मात्र अनुभवी शिक्षकाचा पाय एका ठिकाणी हमखास घसरतो, ते सांगायला हवे. समजा प्रश्न असा आला : "पहिलीतल्या मुलाला 'एकतीस' लिहायला सांगितले, त्याने १३ लिहिले. शिक्षक काय करतील?" पर्याय : दहा वेळा बरोबर संख्या लिहून घेतील, दुर्लक्ष करतील, पालकांना बोलावतील, त्याने तसे का लिहिले ते समजून घेतील. पटावर साठ मुले असताना दहा वेळा लिहून घेतलेल्या बाईंचा हात पहिल्या पर्यायाकडे जातो. उत्तर चौथे आहे. कारण त्या मुलाने चूक केली तीही विचार करूनच केली. मराठीत आपण आधी 'एक' म्हणतो, मग 'तीस'. ऐकले त्या क्रमाने त्याने आधी १ लिहिला आणि मग तिसाचा ३. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांची 'वीस एक' अशीही नावे आली, तेव्हा राज्यभर वाद आणि थट्टा झाली. पण त्या बदलामागची अडचण हीच होती. चूक ही मुलाच्या डोक्यात डोकावण्याची खिडकी आहे, असे मानणारा शिक्षक ही परीक्षा शोधते. तेव्हा उत्तर देताना "मी गेल्या मंगळवारी काय केले?" असे न विचारता, "वेळ आणि शांतता असती तर मी काय केले असते?" असे विचारावे. बहुतेक शिक्षकांना या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते.

गणितासाठी जाडजूड पुस्तक नको. बालभारतीची पाचवी ते सातवीची पुस्तके पुरेत. लसावि-मसावि, अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा, क्षेत्रफळ, काळ-काम-वेग. रोज एक प्रकार, पाच उदाहरणे, आणि सहावे उदाहरण मागच्या आठवड्यातले. इंग्रजीचे दुःख निराळे आहे. आज पंचेचाळिशीच्या पुढे असलेल्या मराठी शाळेतल्या शिक्षकाने स्वतः ए-बी-सी-डी पाचवीत गिरवली. आणि २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आल्यावर त्यालाच ती सहा वर्षांच्या मुलांना शिकवावी लागली. त्याला नियमांची पुस्तके देऊ नयेत. त्याने रोज एक लहान उतारा वाचावा, आधी प्रश्न पाहावेत, मग उताऱ्यात उत्तरे शोधावीत. उताऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे बहुधा त्यातच सापडतात, आणि पाच गुण वाढविण्यास तेवढे शोधणे पुरते.

परीक्षेच्या दिवशी अडीच तासांचे तीन भाग करावेत. पहिल्या १०० मिनिटांत सर्व पत्रिकेवरून एक फेरी. येते ते सोडवावे, अडले तेथे खूण करून पुढे जावे. पुढची ३५ मिनिटे खुणांकडे परत. शेवटची १५ मिनिटे कोरे गोल भरण्यासाठी आणि क्रमांक ताडण्यासाठी. उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचे असतात. एक प्रश्न सोडला आणि गोल सोडायचा राहिला, तर पुढची सारी उत्तरे एकेक घर सरकतात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळतो का हे पाहण्यास काही सेकंद लागतात. न पाहिल्यास वर्ष जाते.

येथपर्यंत मी अभ्यासाचे सांगितले. आता, श्रोतेहो, थोडे आपल्याविषयी. ही परीक्षा न्याय्य आहे की नाही, याविषयी दोन पक्ष आहेत आणि दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. एक पक्ष म्हणतो, ज्याच्या नेमणुकीच्या वेळी ही अटच नव्हती, त्याच्या गळ्यात वीस वर्षांनी ती बांधणे हा अन्याय आहे. शिवाय रडणाऱ्या मुलाला जवळ घेणारे हात चार पर्यायांच्या पत्रिकेत दिसत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, कायदा शिक्षकासाठी झालेला नाही, मुलासाठी झालेला आहे; आणि गावाकडच्या मुलालाही तपासून घेतलेला शिक्षक मिळण्याचा हक्क आहे. माझ्या मते पत्रिकेत जे दिसत नाही ते महत्त्वाचे आहेच, पण म्हणून जे दिसते ते बिनमहत्त्वाचे ठरत नाही. लसावि शिक्षकाला यायलाच हवा. मात्र ज्या समाजाने त्याच्याकडून जनगणना करून घेतली, मतदारयाद्या करून घेतल्या, खिचडीचा हिशेब लिहून घेतला, त्या समाजाने अभ्यासाला दिवस कमी का पडतात हे त्यालाच विचारू नये.

आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. ज्या घरात अशी परीक्षार्थी बाई आहे, तेथे पहाटेचा दीड तास चहा, डबे आणि पाणी भरणे दुसऱ्या कोणी उचलावे. साठ दिवसांसाठी एवढे अवघड नाही. ९० तासांचे सारे अंदाजपत्रक त्या दीड तासावर उभे आहे. दुसरी गोष्ट तोंडाची. निकाल लागेल तेव्हा चौकात "गुरुजी नापास" असा विनोद कोणी करू नये. ८८ गुण मिळालेला मनुष्य ९० मिळालेल्याहून वाईट शिक्षक असतो असे नाही, आणि त्याला पुन्हा बसायचे असते. नापास झालेल्या आपल्या मुलाला त्याच गुरुजींनी "पुढच्या वेळी होईल" असे म्हटलेले असते. ते वाक्य त्यांना परत करण्याची ही वेळ आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील. साठ दिवस पुस्तक मिटून आठवायला बसलेल्या, 'नाही' हा शब्द वाचायचा राहिला म्हणून हळहळलेल्या, आठव्या दिवशी सारे विसरलो म्हणून घाबरलेल्या बाई पुन्हा पहिलीच्या वर्गात उभ्या राहतील. समोरचा मुलगा 'एकतीस' ऐकून १३ लिहील. त्याच्या पाटीकडे त्या कशा पाहतात, एवढे एकदा वर्गाच्या दाराशी उभे राहून पाहा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.